पन्नालालशेठांची डॉज

पन्नालालशेठांची हिरवी डॉज माहीत नाही असा जुना माणूस देवपुरात सापडणं कठीण. गाडी आता हिरवी राहिलेली नाही, ही गोष्ट वेगळी. बंगल्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं नुसती उभी आहे. टायर बसलेत, दारांच्या खालच्या कडा गंजून चाळणी झाल्यात, आणि बॉनेटवर हात ठेवला की तळव्याला तपकिरी भुकटी लागते. तरी जाणारायेणारा शेडपाशी घुटमळतो आणि म्हणतो, काय हौशी माणूस होता, दर रविवारी बायकापोरांना गाडीत घालून फिरायला न्यायचा. प्रेमकुंवरबाईंना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. उजव्या कानाने मात्र हे वाक्य त्यांनी इतकं ऐकलंय की हल्ली त्या फक्त मान हलवतात.

मागच्या उन्हाळ्यात शेठ गेले आणि गाडी बाईंच्या नावावर झाली. तेव्हापासून दोन्ही मुलांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं. थोरला अखिल इथेच देवपुरात, आईजवळ; आईला दोघे बाईच म्हणत. त्याला डॉज दुरुस्त करायची होती. जळगावात समाजातल्या एका मुलीची दीक्षा होती, तिची वरघोड्याची मिरवणूक निघणार होती आणि नटवलेली ती मुलगी शेठांच्या डॉजमध्ये मागे बसून गावभर मिरवेल, असं त्याने तिथल्या मंडळींना परस्पर सांगून टाकलं होतं. धाकटा पारस जळगावला डाळीच्या धंद्यात. त्याला गाडी विकायची होती. नाशिकचा एक माणूस जुन्या गाड्या घेऊन, रंगवून, लग्नांना भाड्याने देत असे, त्याचे पारसला सारखे फोन येत. एकाला मागच्या सीटवर वैरागी मुलगी बसवायची होती, दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला नवरी. सही बाईंची लागणार होती, आणि बाई दोघांनाही म्हणत होत्या, बघते, विचार करते.

विचार कसला करायचा होता? त्या मागच्या सीटवर कुठल्याच मुलीने बसू नये असं त्यांना वाटत होतं. पण का, ते सांगायचं म्हणजे तोंड उघडायला हवं होतं, आणि ते त्यांनी उभ्या आयुष्यात उघडलं नव्हतं.

त्यांची ही गोष्ट सुरू झाली ती स्थानकात, जैन साधूंच्या मुक्कामाच्या जागी. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा पन्नालालशेठ त्यांना स्वयंपाकघरात मारत, माजघरात मारत, जिन्यात गाठूनही मारत. बाहेर मुंगीवरून पाय उचलून टाकणारा माणूस, पाणी गाळून पिणारा, सूर्य मावळला की घास न गिळणारा. आणि घरात बायकोचे केस मुठीत धरून डोकं ओट्यावर आपटणारा. सासू म्हणायची, होतं असं, पुरुषाचा हात आहे. मग एका चातुर्मासात महाराजसाहेब मुक्कामाला आले. प्रेमकुंवरबाईंनी धीर करून, मान खाली घालून त्यांना सगळं सांगितलं. महाराज साधे होते, कळवळले. शेठांना काय नियम देऊ, असं त्यांनी तिलाच विचारलं. ती पोर म्हणाली, घरात हात उचलायचा नाही, एवढा नियम द्या. दुसऱ्या दिवशी भर व्याख्यानात, अख्ख्या समाजासमोर, पन्नालालशेठांनी हात जोडून तो नियम घेतला.

आणि पाळला. नियम पाळण्यात शेठांचा हात धरणारा कुणी नव्हता. मरेपर्यंत त्यांनी उंबरठ्याच्या आत बायकोवर बोटसुद्धा उचललं नाही. त्यांनी डॉज घेतली.

एका जिनिंगवाल्याची जुनी गाडी होती, शेठांनी घेऊन चकचकीत केली. रविवारी दुपारी जेवणं झाली की ते टोपी चढवत आणि म्हणत, चला, एक चक्कर मारून येऊ. आवाज अगदी गोड. मुलं पुढे, बाई मागे. नकाणे रस्त्याला गाडी बाभळींखाली उभी राहायची. समोर रसवंती होती, घुंगरू वाजत असायचे, झोपाळा होता. मुलांच्या हातावर नाणी ठेवून शेठ त्यांना तिकडे पिटाळत, काचा वर करत, रेडिओ मोठा करत आणि मागच्या सीटवर येऊन बसत. आठवडाभराचं सगळं त्यांच्या लक्षात असायचं. पाहुण्यांसमोर हसलीस. भावाला परस्पर पत्र टाकलंस. डाळ पातळ झाली. मग चाव्यांचा जुडगा मुठीत धरून ते मारत, पाठीत, बरगड्यांत, मांड्यांवर, पदराखाली झाकेल अशा ठिकाणी. एकदा हात चुकला आणि डाव्या कानावर बसला. कानातून रक्त आलं, मग पू आला, मग त्या कानाला कायमची शांतता आली. एकदा त्या दार उघडून रसवंतीकडे धावत सुटल्या. शेठांनी त्यांना हसत हसत हाताला धरून परत आणलं, आत घातलं, आणि दार लावताना मधे राहिलेली बोटं बाजूला करू दिली नाहीत. पुढच्या रविवारच्या आत मागच्या दोन्ही दारांचे आतले हँडल निघाले होते. पोरं चालत्या गाडीतून पडू नयेत म्हणून काढले, असं शेठ लोकांना सांगत. लोक म्हणत, किती जपतात पोरांना.

मुलांना यातलं काही ठाऊक नाही, या एका समजुतीवर प्रेमकुंवरबाई जगल्या. पोरं रस पिऊन, झोपाळ्यावर खेळून गालांना लाली चढवून परत यायची, तेव्हा त्या पदर सारखा करून बसलेल्या असायच्या. शेठ गेल्यावर भरलेल्या गुणानुवाद सभेत एकेक वक्ता उठून सांगत होता की असा नियमाचा पक्का माणूस होणे नाही. बायकांच्या रांगेत बसलेल्या बाईंना तेव्हा हसू येईल की काय अशी भीती वाटली. संताप आला होता त्यांना. पण सभा संपली तसे त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

तर त्या दिवशी सकाळी अखिलने एरंडोलहून नथ्थू मिस्तरीला बोलावून घेतलं होतं. पारसला कुणकुण लागली आणि तोही जळगावहून तडक निघून आला. आज काय तो सोक्षमोक्ष लावू, असं दोघांनी ठरवूनच ठेवलं होतं. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसल्या होत्या, भाजलेले शेंगदाणे खलबत्त्यात कुटत. तिथून अंगण आणि शेडमधून अंगणात डोकावणारं डॉजचं तोंड दिसत होतं.

नथ्थूने गाडीखाली शिरून बघितलं, पत्र्यावर हातोडीने टकटक केलं. एका ठिकाणी हातोडी सरळ आत गेली. बाहेर येऊन त्याने हात पुसले.

"इंजिन उघडीसन दखनं पडी, शेठ. पन बॉडी बठ्ठी सडी जायेल शे," तो म्हणाला. मग मागच्या दारात वाकून त्याने आतल्या बाजूला हँडल चाचपलं. "आनि मांगला दारस्ले मजारथून हँडलच नही शे. मजार बठेल मानूस बाहेर कसा येवाव?"

अखिलने लोकांना सांगायचं तेच सांगितलं. आम्ही लहान होतो, पडू नये म्हणून बाबांनी काढले. मग पारसकडे बघून मोठ्याने म्हणाला की बाबांची आठवण आहे, ती भाड्याच्या लग्नात नाचवायला द्यायची नाही, पत्रा नवीन घालू, सीटला नवीन कापड लावू. पारस म्हणाला, विकायची. अखिल म्हणाला, तुला बाबांची किंमत कधीच नव्हती. शब्दाने शब्द वाढला. बोलता बोलता दोघे व्हरांड्यात आले होते. अखिलची मूठ वळली तशी त्याने पायाखाली बघितलं, आणि लहानपणापासूनच्या सवयीने म्हणाला, इथे नको, खाली ये. भांडायचं तर तेही नियमाने. दोघे पायऱ्या उतरून अंगणात गेले आणि मगच अखिलने भावाच्या तोंडावर ठोसा मारला.

पारस डॉजच्या बॉनेटवर कोसळला. उठला आणि डोकं खाली घालून अखिलच्या पोटात शिरला. दोन पोक्त, पोट सुटलेले व्यापारी, डोळ्यांना चष्मे, आणि अंगणात एकमेकांची नरडी धरून लोळत होते. अखिलने पारसचे केस धरून त्याचा चेहरा गाडीच्या गंजक्या कडेवर घासला. गाल फाटला. नथ्थू मधे पडायला गेला तर त्याला कोपर बसलं. रक्त पारसच्या सदऱ्यावर, अखिलच्या मनगटावर, बॉनेटवरच्या तपकिरी भुकटीत. प्रेमकुंवरबाई बत्ता हातात धरून तशाच बसून राहिल्या होत्या, उठायचं त्यांना सुचेना.

पारस तोंडातलं रक्त थुंकला. "तू रस पीत होतास," तो म्हणाला. "मी एकदा मागे आलो होतो. काचेतून बघितलं मी. बाबा बाईला मारत होते."

बाईंच्या हातातला बत्ता खलात टेकला. आता अखिलचा चेहरा पांढरा पडेल, तो खोटं म्हणेल, आईकडे धावत येऊन विचारेल, असं त्यांना वाटलं. तसं काही झालं नाही.

"मग?" अखिल श्वास घेत म्हणाला. "मला काय माहीत नव्हतं? मी थोरला. रेडिओ कशाला लावतात ते मला तुझ्याआधी कळलं होतं. घरात तर कधी हात नाही ना उचलला बाबांनी? नियम होता त्यांचा. पाळला. किती लोक पाळतात?"

तो हे मनापासून बोलत होता. हेच सगळ्यात वाईट होतं.  इतकी वर्षं प्रेमकुंवरबाई पदर सारखा करून बसल्या, ती पोरं काचेच्या पलीकडून सगळं जाणून होती. एक भेदरलं आणि गाव सोडून गेलं. दुसरं शिकलं.

विधी, अखिलची बायको, पाण्याचा तांब्या आणि फडकं घेऊन अंगणात गेली. तिने दिराचा गाल पुसला. विधी जामनेरची, मुळात बोलकी, पण या घरात येऊन तिचं बोलणं कमी कमी होत गेलं होतं. लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून तर ती फक्त विचारलं तेवढं बोलायची. आज मात्र न विचारता, फडकं पिळता पिळता ती म्हणाली, "विकून टाका ती गाडी. नाहीतर जाळून टाका."

परक्या मिस्तरीसमोर, भावासमोर.  अखिलने नळावर जाऊन हात धुतले, तोंड धुतलं, भांग नीट केला, आणि घरात येऊन खुंटीवरची आपल्या गाडीची किल्ली काढली. त्याची गाडी मोठी, पांढरी, काळ्या काचांची, फाटकाबाहेर उभी होती. मागून आत आलेल्या विधीला तो म्हणाला, "चल, एक चक्कर मारून येऊ."

आवाज अगदी गोड. उजव्या कानाने बाईंनी तो नीट ऐकला.

विधीने तांब्या ओट्यावर ठेवला.  फ्रिजपाशी उभी राहिली आणि हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवून वरती ठेवायला लागली, फुटून मनगटात घुसू नयेत म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं तिला. प्रेमकुंवरबाईंनाही कुणी शिकवलं नव्हतं, रविवारी दुपारी त्याही अशाच उतरवून फडताळात ठेवायच्या.

मग एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली. विधीचे मे महिन्यातले लांब बाह्यांचे ब्लाउज. फिरून आल्यावर जिना चढताना कठड्याला धरणं. नवराबायको फिरायला जातात, चांगलं आहे, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. अखिलच्या लग्नात शेठांनी त्याला स्थानकात उभं करून स्वतःचाच नियम देववला होता, शब्द न् शब्द तोच. घरात हात उचलणार नाही. सगळ्यांनी कौतुक केलं होतं. त्या शब्दांत भोक कुठे आहे ते एकट्या प्रेमकुंवरबाईंना माहीत होतं, कारण ते शब्द त्यांचेच होते, आणि त्या बायकांच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना स्वतःची किळस आली.

अखिलने विधीच्या दंडाला धरलं. अंगठा आत रुतला तशी तिने ओठ आवळले. तो तिला घेऊन दिवाणखान्यातून दाराकडे निघाला, भिंतीवरच्या शेठांच्या हारातल्या फोटोखालून. उंबरठा दोन पावलांवर होता.

प्रेमकुंवरबाई उठल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्यांना उठताना भिंत लागते, आज लागली नाही. बत्ता हातातच होता, लोखंडी, सासूच्या वेळचा. त्या मागून आल्या आणि विधीच्या दंडावर जो हात होता त्याच्या मनगटावर त्यांनी दोन्ही हातांनी बत्ता घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. अखिल ओरडून वळला, त्याचा दुसरा हात आपोआप वर गेला, आणि बाईंनी त्या हाताच्या कोपरावर दुसरा घाव घातला. तो भिंतीवर आपटला, फोटो खाली आला, काच फरशीवर पसरली. विधी सुटून बाजूला झाली. अखिल घसरत खाली बसला. मनगट भलतीकडेच वाकलं होतं आणि तो ते मांडीवर धरून आईकडे बघत होता, एखादी अभद्र गोष्ट घडलेली बघावी तसा.

"बाई," तो म्हणाला, "घरात?"

दुखण्याचं त्याला नंतर सुचणार होतं. आधी हे.

"हो, घरात," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. त्यांना धापही लागली नव्हती. "'घरात मारू नका' असं मी म्हणाले होते महाराजांना. 'कुठेच मारू नका' म्हणायची अक्कल तेव्हा नव्हती मला. आता काय व्हायचं ते इथेच होईल, दारं उघडी ठेवून. तिच्या अंगाला परत हात लाव, मी दुसरं मनगट मोडते. तू झोपलेला असलास तरी मोडते."

अखिल कण्हत म्हणाला, दार लावा, लोकांना ऐकू जाईल. बाईंनी दाराचं अर्धं लोटलेलं दुसरं कवाडही सताड उघडलं. फाटकापाशी शेजारच्या बेबाबाई आणि आणखी दोघीतिघी आवाजाने जमल्याच होत्या. काय झालं, असं बेबाबाईंनी विचारलं. तेव्हा प्रेमकुंवरबाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. नकाणे रस्ता, रेडिओ, चाव्यांचा जुडगा, कान. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत, शेठांना शिवीही दिली नाही. बोटं दारात कशी चेंगरली ते सांगताना वाकडी बोटं वर करून दाखवली. पारस गालाला फडकं लावून जिथे होता तिथेच अंगणात बसून राहिला आणि हुंदके देऊन रडला. आतून विधी बाहेर आली, सासूच्या शेजारी उभी राहिली आणि तिने ब्लाउजची बाही वर सरकवली. दंडावर ताजे वळ होते, त्यांच्याखाली जुने, पिवळे पडलेले. बेबाबाईंनी तोंडावर पदर धरला.

मग दवाखान्याची गडबड सुरू झाली. अखिलला गल्लीतल्या दोघांनी बगलेत धरून बाहेर आणलं. त्याचा चेहरा घामाने भिजला होता, पण तो रडत नव्हता, दात आवळून चालत होता. पारस आपली गाडी फिरवून घ्यायला गेला. नथ्थू मिस्तरी हातात पाना धरून इतका वेळ डॉजपाशी अवघडून उभा होता. आता इथून निघावं की थांबावं ते त्याला कळेना. त्याने बाईंना चाचरत विचारलं.

"मंग या गाडीनं काय करानं शे, अक्का?"

"कापायची," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "विकायची नाही आणि दुरुस्तही करायची नाही. गॅसकटरवाल्याला आजच बोलाव. मागची दारं आधी काप. इतके तुकडे कर की परत कुणाला जोडता येणार नाहीत."

ते ऐकलं आणि अखिल पायरीवरच बसला. मनगट मोडलं तेव्हा तो रडला नव्हता. आता लहान मुलासारखा, तोंड वासून, बाई, बाबांची गाडी आहे, बाबांची गाडी आहे, असं म्हणत तो रडायला लागला. आईने यावं म्हणून त्याने तिच्याकडे मान वळवली. प्रेमकुंवरबाई विधीचा हात धरून तिथेच उभ्या राहिल्या. त्याच्या जन्मापासून पहिल्यांदाच त्याचं रडणं ऐकून त्यांचा पाय जागचा हलला नाही.